मोटारसायकलची कैफियत

१९८५ साली हिरो होंडा कंपनीने ‘सीडी १००’ ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्या जाहिरातीत ग्राहकाला तीन गोष्टी सांगितलेल्या होत्या : पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. जाहिरातदाराच्या मनात विषय केवळ इंधनाचा होता. सत्त्याण्णव घन सेंटिमीटरांचे ते चिमुकले चार-स्ट्रोक इंजिन इतके मिताहारी होते की त्याच्या मालकाला पेट्रोलपंपाची वाट वारंवार धरावी लागू नये, एवढाच त्या वाक्याचा मर्यादित अर्थ. परंतु आज्ञा आळसाला अनुकूल असली म्हणजे मनुष्य कमालीचा आज्ञाधारक होतो. त्याने पहिल्या दोन सूचना गरजेपुरत्या पाळल्या आणि तिसरी मात्र शिरसावंद्य मानून ती इंजिनातील तेलाला, साखळीला, ब्रेकच्या लायनरांना, टायरांतील हवेला आणि अखेरीस गाडी या संपूर्ण वस्तूलाच लागू केली. गाडीही अशी सोशिक निघाली की तिने हा अपराध वर्षानुवर्षे पोटात घातला, आणि मग ज्या दिवशी तिच्याने सोसवेना, त्या दिवशी ‘काल तर व्यवस्थित चालत होती’ हे वाक्य मिस्त्रीच्या दारात मोठ्या निरागसपणे उच्चारले जाऊ लागले.

त्यापूर्वीच्या मालकाला विस्मरणाची ही चैन परवडणारी नव्हती. १९५५ पासून मद्रासनजीक तिरुवोट्रियूर येथे एन्फील्ड बुलेटचा कारखाना उभा राहू लागला, म्हैसूरच्या आयडियल जावातून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागली, एस्कॉर्ट्सने पोलंडमधील एका गाडीच्या आराखड्यावरून बेतलेली राजदूत खेडोपाडी पोहोचवली. आणि या सर्व गाड्यांनी आपापल्या मालकांना, त्यांची इच्छा असो वा नसो, यंत्रविद्येचे प्राथमिक पाठ दिले. जुनी बुलेट सकाळी सुरू करणे हा तर एक विधीच होता. किकवर पायाचा भार देत पिस्टन दाबाच्या ठिकाणी आणावयाचा, अँमीटरचा काटा मध्यावर येऊन स्थिरावला म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकरचे पॉइंट उघडले असे समजावयाचे, डीकॉम्प्रेसरची चिमटी ओढून पिस्टन त्या दाबाच्या किंचित पलीकडे सरकू द्यावयाचा, किक पुन्हा वर येऊ द्यावयाची, आणि मगच पूर्ण वजनानिशी एक सलग किक मारावयाची. यातली एखादी पायरी गाळली तर उलट उसळलेली किक पोटरीवर जी खूण ठेवी ती पुढचे चार दिवस गाळलेल्या पायरीचे स्मरण देत असे. पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी, हे ज्याला ठाऊक नाही असा बुलेटवाला विरळा. राजदूत आणि येझदी ही दोन-स्ट्रोकची प्रजा. तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागे, आणि ते तेल जळून सायलेन्सरात साचलेली काजळी अधूनमधून खरवडावी लागे, नाहीतर गाडी चढावर मान टाकी.

ती पिढी आजच्या पिढीहून अधिक कर्तबगार होती, असे मला सुचवावयाचे नाही. त्या काळच्या आठवणी काढून डोळे पाणावून घेणाऱ्यांपैकी किती जणांना आज पुन्हा भर पावसात रस्त्याच्या कडेला पॉइंट घासत बसण्याची हौस आहे, हा प्रश्न मी सौजन्यापोटी विचारत नाही. गाडी सुधारली हे चांगलेच झाले. मात्र या सुधारणेच्या ओघात गाडीकडे पाहण्याची, तिचे ऐकण्याची आणि जे दिसले-ऐकले ते तपशीलवार सांगण्याची जी एक सवय मालकाच्या अंगी होती, ती पॉइंटांबरोबरच निघून गेली. आणि या पुस्तकाचा सारा खटाटोप ती सवय परत लावण्यापुरता आहे. वाचकाला मिस्त्री बनविण्याचा येथे हेतू नाही. मिस्त्रीचा हात हा वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने तयार होतो. तो छापील पानांतून येत नाही आणि येतो असे सांगणारी पुस्तके मिस्त्रींच्याच धंद्याला बरकत आणतात.

मिस्त्री गाडी पाहतो ती घटकाभर, तीही बिघडलेल्या अवस्थेत; मालक तिच्यावर रोज बसतो, आणि तिच्या आवाजात, ताकदीत वा खर्चात पडलेला फरक प्रथम कळू शकतो तो त्यालाच. म्हणजे एखाद्या चौकशीच्या कामात ज्या साक्षीदाराने घटना प्रत्यक्ष पाहिली तो एकटाच, आणि त्याची जबानी काय, तर ‘जरा बघा, काहीतरी आवाज येतोय.’ एवढ्या जबानीवर निवाडा द्यावयाचा म्हटल्यावर बिचारा मिस्त्रीही अंदाजाने एकेका निरपराध पुर्ज्याला शिक्षा सुनावू लागतो. आज प्लग, उद्या कॉइल, परवा कार्बोरेटर. आणि बिलाचा आकडा फुगत जातो तरी मूळ गुन्हेगार जागच्या जागी सुखरूप राहतो. अप्रामाणिक मिस्त्री जगात नाहीत असे नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे मालकांची जी लूट होते तिच्यापैकी बरीचशी त्यांच्या स्वतःच्या मोघम बोलण्याने होते. याच मालकाने आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, चढावर येतो की उतारावर, क्लच दाबला तर थांबतो की नाही, एवढे पाहून ठेवले असते तर निम्मे काम तेथेच आटोपले असते.

यातली एक कसोटी तर इतकी सोपी आणि इतकी फलदायी आहे की ती प्रत्येक मालकाने आजच करून पाहावी. गाडी स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे वाढवावेत. आवाज फेऱ्यांबरोबर वाढला तर तो इंजिनाच्या पोटातला. उलट गाडी धावत असताना, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून फेरे उतरू दिले आणि तरीही आवाज गाडीच्या वेगाबरोबरच चालत राहिला, तर इंजिन निर्दोष असून दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, साखळीत वा ब्रेकमध्ये शोधावयाचा. पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडलपाशी टक् असा धक्का जाणवत असेल तर कोन सेट ढिला झाला किंवा झिजला. या चार वाक्यांत जे सांगितले त्याला हत्यार लागत नाही, पैसा लागत नाही आणि हातही काळे होत नाहीत; तरीही ते कोणी करीत नाही, याचे कारण एवढेच की आवाज ऐकू येताच त्याचे कारण शोधण्यापेक्षा तो ऐकू येईनासा व्हावा अशीच आपली इच्छा असते.

बंद पडलेल्या गाडीची चौकशीही अशीच क्रमाने व्हावयास हवी. इंजिन चालावयाला पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरातील दाब एवढेच लागते. पण तेथपर्यंत पोहोचण्याआधी किल स्विच चुकून बंद झालेला नाही ना, नव्या गाडीचा साइड स्टँड खाली राहिलेला नाही ना, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावावयाची वेळ आलेली नाही ना, ही तीन क्षुल्लक कलमे आधी निकालात काढावीत. धक्के मारून गॅरेजपर्यंत आणलेल्या कितीतरी गाड्या मिस्त्रीच्या अंगठ्याच्या एका दाबाने सुरू होतात, आणि तो मिस्त्री सुसंस्कृत असेल तर हसू दाबून पैसे नाकारतो. यानंतर पेट्रोल येते की नाही, मग ठिणगी पडते की नाही, आणि सरतेशेवटी दाब. स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत, हा क्रम सोडू नये. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, फिल्टर आणि कार्बोरेटरचा स्क्रू ही तिन्ही एका दमात बदलून गाडी सुरू झाली, तर ती का सुरू झाली हे कायमचे अज्ञात राहते, आणि अज्ञात राहिलेले कारण पुन्हा उद्भवते.

क्रम सोडल्याने काय घडते याचे एक उदाहरण मला विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण या एका बिघाडाने जितक्या शहाण्या माणसांना चकविले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही बिघाडाने क्वचितच चकविले असेल. गाडी घरून सुरळीत निघते, काही अंतर उत्तम धावते, मग अडखळू लागते आणि थांबते. मालक उतरतो, प्लग काढतो, रुमालाने पुसतो, पुन्हा बसवतो. या उद्योगात पाच-दहा मिनिटे जातात. किक मारताच गाडी सुरू होते, आणि प्लगच खराब होता अशी त्याची बालंबाल खात्री पटते. नवा प्लग येतो. दुसऱ्या दिवशी तेवढेच अंतर गेल्यावर तोच प्रकार. आता कार्बोरेटर उघडला जातो, धुतला जातो. गाडी गॅरेजच्या दारात तासभर उभीच असल्याने अर्थातच पहिल्या किकला सुरू होते, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा थांबते. या साऱ्या अनर्थाचे मूळ टाकीच्या झाकणातल्या एका बारीक छिद्रात असते. टाकीतले पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी त्याची जागा घ्यावयास बाहेरची हवा त्या छिद्रातून आत शिरावी लागते. चिखलाने वा धुळीने ते बुजले म्हणजे टाकीत निर्वात निर्माण होऊन पेट्रोलचा प्रवाह तुटतो, आणि गाडी थांबल्यावर हवा कोठूनतरी झिरपत आत गेली की तो पुन्हा सुरू होतो. मालक प्लग पुसत होता तेव्हा दुरुस्ती काळ करीत होता. गाडी थांबताक्षणीच झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर एक बारीक तार पुरते. झाकण उघडूनही फरक पडला नाही आणि गरम इंजिनावर ठिणगीच मिळत नसेल, तर तापल्यावर दगा देणाऱ्या इग्निशन कॉइलकडे वळावे, कारण लक्षणे तिचीही हुबेहूब अशीच असतात. मात्र झाकण उघडावयाला काही पडत नाही आणि कॉइलला पैसे पडतात, म्हणून आधी झाकण.

आवाजांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. तरी टॅपेटविषयी येथेच दोन शब्द लिहितो, कारण सदिच्छेने केलेले नुकसान येथे जितके होते तितके अन्यत्र होत नाही. इंजिनाच्या माथ्यावर टिकटिक होऊ लागली की मालक अस्वस्थ होतो आणि ‘आवाज बंद करा’ असे फर्मान सोडतो. मिस्त्रीही गिऱ्हाइकाची मर्जी राखण्यासाठी फट इतकी कमी करतो की इंजिन अगदी मुके होते. परंतु ती फट, शतांश मिलिमीटरांत मोजावयाची असली तरी, निष्कारण ठेवलेली नसते. धातू तापला की प्रसरण पावतो, आणि त्याला जागाच उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, जळते वायू त्याच्या कडेवरून निसटू लागतात, आणि काही काळाने ती कड जळून दाब नाहीसा होतो. ढिला टॅपेट नुसता कुरकुरतो. घट्ट टॅपेट काही न बोलता व्हॉल्व्ह जाळतो. जुन्या बुलेटच्या पुशरॉडची तऱ्हा मात्र निराळी. तेथे फट ठेवावयाची नसून इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये, अशी सीमा गाठावयाची असते. एका गाडीचा नियम दुसरीला लावणे किती घातक, हे यावरून ध्यानात यावे.

तेलाची गोष्ट थोडक्यात आटोपण्यासारखी नाही. मोटारगाडीत इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, आणि क्लच या दोहोंपासून अलिप्त, कोरडा. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत मात्र जेमतेम लिटरभर तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांची चाकरी एकट्याने करते. मोटारगाडीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ती त्या गाडीला हितकारकही असतात. पण तेलात बुडालेल्या क्लचच्या तबकड्यांना परस्परांना पकडून ठेवण्यासाठी घर्षणच हवे असते. म्हणून उंची म्हणून आणलेले महाग तेल घातल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी मात्र जागची हलत नाही, असा चमत्कार घडतो. जपानी मोटार-उद्योगाने ठरविलेल्या ‘जासो’ प्रमाणाची ‘एमए’ वा ‘एमए २’ ही अक्षरे डब्यावर आहेत की नाहीत ते पाहावे, पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा (१०डब्ल्यू-३० किंवा जो असेल तो) पाळावा, आणि मग कोणत्या कंपनीचे तेल या प्रश्नावर मित्रांशी वाद घालण्यात खुशाल संध्याकाळ घालवावी. तेल बदलण्याची मुदत सोपी, ती पुस्तिकेत असते; अवघड असते ती मधली तपासणी, कारण तिची आठवण कोणी करून देत नाही. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे तेल खाली बसू द्यावे आणि मग पट्टी पाहावी. कित्येक गाड्यांत ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावयाची असते, हे पुस्तिका सांगते आणि वाचक वाचत नाही. तेल काढण्याचा तळचा बोल्ट पोलादी आणि त्याचे घर ॲल्युमिनियमचे, हे ध्यानात ठेवावे. लांब पान्यावर सारा देह टांगून तो आवळणाऱ्या बलदंड गृहस्थांनी जितक्या इंजिनांचे आटे घालविले असतील तितके झिजेनेही गेले नसतील.

साखळी, टायर आणि ब्रेक यांविषयी प्रस्तावनेत फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. साखळीचा ढिलेपणा चाक फिरवीत जेथे ती सर्वांत ताणलेली भासेल तेथे मोजावा, चाक मागे घेताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, आणि इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरणाऱ्या साखळीला फडके लावण्याचे धाडस कधीही करू नये. त्या धाडसात बोटे गमावलेली माणसे आहेत. टायरातील हवा गाडी धावण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. शंभर-सव्वाशे घन सेंटिमीटरांच्या गाडीला पुढे २५ पौंड आणि मागे २८ पौंडांच्या आसपास हवा लागते, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात त्याहून बरीच अधिक. टायरच्या कुशीवरील चार आकडे म्हणजे त्याची जन्मनोंद होय, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तेव्हा ‘नवा टायर’ म्हणून विकत घेताना ते वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

यंत्र एकच असले तरी मुलूख बदलला की त्याची दुखणी बदलतात, आणि इंग्रजी वा जपानी पुस्तिकेच्या भाषांतरात नेमकी हीच बाब सुटून जाते. कोकणात चार महिने पाणी हाच शत्रू. प्लगच्या टोपीखाली ओल शिरली की गाडी मिसिंग मारू लागते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले तर टोपीच्या वा वायरीच्या बाहेरून धावणारी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते, आणि तीहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ब्रेक काही काळ नावापुरतेच उरतात. पलीकडे गेल्यावर थोडा वेळ हलकेच ब्रेक दाबून धरीत जावे म्हणजे लायनर तापून कोरडे होतात, पण पुष्कळ लोक हे पुढच्या वळणावर शिकतात. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्यातली काळी माती ही स्वतंत्र आपत्ती आहे. शेतावरच्या वाटेने निघालेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डात ती अशी ठासून भरते की चाक फिरावयाचे थांबते, आणि जी इंजिनाच्या पंखांवर वाळून बसते ती हवेचा स्पर्शच तोडते. वाऱ्यावर थंड होणारे इंजिन मग वारा असूनही तापत राहते, आणि मालक तेलाला दोष देतो. त्या भागातील शेतकरी पावसाळ्यापुरता मडगार्ड सैल करून वर घेतात वा काढूनच ठेवतात, ही युक्ती कोणत्याही कारखान्याच्या पुस्तिकेत नाही. उन्हाळ्यात तिकडेच धूळ. कागदी एअर फिल्टर धुवावयाचा नसतो. तो आतून बाहेर अशा दिशेने हवा मारून झटकावा आणि मुदत भरली की बदलावा. स्पंजाचा फिल्टर मात्र धुऊन, पिळून, तेलाचा हलका हात देऊन पुन्हा बसवता येतो. हा भेद न जाणणाऱ्याने पेट्रोलात बुचकळून काढलेला कागदी फिल्टर मी पाहिलेला आहे, आणि तो बसविल्यावर ‘ॲव्हरेज कमी झाले’ अशी तक्रारही ऐकलेली आहे.

खंडेनवमी-दसऱ्याला आपल्याकडे गाडीचा मोठा सत्कार होतो. हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू जाते. या श्रद्धेविषयी माझ्या मनात आदरच आहे. हत्यारावर पोट भरणाऱ्या समाजाने वर्षातून एक दिवस त्या हत्यारासमोर हात जोडावेत, यात गैर काही नाही. मात्र आदल्या दिवशी सर्व्हिसिंगच्या दुकानांपुढे ज्या रांगा लागतात आणि तेथे पाण्याचा जो जोरदार फवारा थेट चाकाच्या बेअरिंगवर, साखळीवर आणि विजेच्या जोडण्यांवर सोडला जातो, त्याने पूजेच्या मानकऱ्यालाच इजा होते. बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते आणि दिवाळीनंतर चाक घुरघुरू लागते. बादलीभर पाणी, फडके आणि सावकाश हात यांनी धुतलेल्या गाडीचे आणखी एक असे की धुता धुता हाताला ढिला बोल्ट लागतो, क्लचच्या केबलचे लिव्हरपाशी तुटू लागलेले धागे दिसतात, तुटलेली आरी सापडते. त्या केबलचा एकेक धागा तुटत असतो तेव्हा ती अखंडच भासते, आणि तुटते ती नेमकी घाटात. म्हणून दूर जाणारे जाणते लोक नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून बांधून ठेवतात, की वेळ आली तर केवळ दोन टोके अडकवावीत.

आता नव्या गाड्यांविषयी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सर्वच मोटारसायकलींतून कार्बोरेटर हद्दपार होऊन त्याच्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर आला. यामुळे घरगुती देखभालीचा विषयच संपला, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता विषय संपलेला नाही, त्याची कलमे बदलली आहेत. चावी फिरवताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. ती गुणगुण नसेल तर पंप, त्याचा फ्यूज वा बॅटरी यांतच काही बिनसले आहे. जुन्या गाडीत बॅटरी मेली तरी किकने वा ढकलून काम भागे. नव्या गाडीत पंपाला आणि संगणकालाच वीज लागते, म्हणून बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा-हिरवट क्षार हा पूर्वी सौंदर्याचा प्रश्न होता तो आज जाण्यायेण्याचा प्रश्न झाला आहे. विसावा घेतलेल्या भरल्या बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टांच्या थोडा वरच असतो. तो बारांच्या खाली उतरला तर सेल्फ का फिरत नाही याचा शोध अन्यत्र घेऊ नये. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालविण्याची काटकसरही सोडावी, कारण पंपाला थंड ठेवण्याचे काम त्याच्याभोवतीचे पेट्रोलच करते.

त्या पेट्रोलचीही जात बदलली आहे. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि कोल्हापूर-सांगलीकडचा ऊसकरी शेतकरी कारखान्याला घातलेल्या आपल्याच उसाचा अंश टाकीतून परत मिळवीत असेल, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटते. गमतीचा भाग सोडला तर इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉल यांचा निराळा थर बसू शकतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. ज्यांची जुनी येझदी वा बुलेट वर्षातून चार वेळाच बाहेर पडते, त्यांनी कार्बोरेटरची वाटी रिकामी करून गाडी ठेवावी आणि रबरी नळ्या नख लावून पाहत जाव्यात.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. क्रँक, गिअरबॉक्स आणि इंजिनाचे बोअर यांना येथे हात लावलेला नाही. एबीएसच्या विद्युत्-यंत्रणेलाही नाही. डिस्क ब्रेकच्या द्रवाविषयी एवढेच लिहिले आहे की तो हवेतले पाणी शोषतो म्हणून साधारणतः दोन वर्षांनी बदलून घ्यावा, आणि त्याचा थेंब टाकीच्या रंगावर पडला तर रंग सोलून काढतो; बदलण्याची कृती मुद्दाम दिलेली नाही, कारण अर्धवट निघालेली हवा ब्रेकमध्ये राहिली तर ती चूक सुधारावयास दुसरी संधी मिळेलच असे नाही. प्रत्येक मालकाने एक साधी वही मात्र जरूर ठेवावी : तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, बदललेला जिन्नस आणि जाणवलेली खोड, एवढे रकाने पुरेत. सरासरी हळूहळू उतरू लागली तर डोळ्यांआधी ही वही सांगते, आणि मिस्त्रीपुढे ती उघडून ठेवली तर त्याच्याही बोलण्यात एक प्रकारची अदब येते, असा अनुभव आहे.

प्रकरणांचा क्रम मी माझ्या सोयीने लावलेला असला तरी वाचकाने तो पाळलाच पाहिजे असे नाही. ज्यांची गाडी २०२० नंतरची आहे त्यांनी कार्बोरेटरचे प्रकरण वगळून थेट बॅटरीवर जावे. कोकणातील वाचकांनी विजेच्या जोडण्यांचे प्रकरण मृगापूर्वी वाचावे. आणि ज्यांच्या अंगणात जुनी बुलेट उभी आहे, त्यांनी टॅपेटचे प्रकरण रात्री वाचून ठेवावे व पाना सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, हाती घ्यावा.